लिनक्स टाकताना भेटणारं 'बूट पार्टिशन' (डिस्कचा मशीन सुरू होण्यासाठी राखलेला भाग) म्हणजे नेमकं कोणतं? या नावाची तीन वेगवेगळी पार्टिशनं आहेत.

सर्वांत जुनं ते '/बूट'. नव्वदच्या दशकातल्या बायोसला (मशीन सुरू करणारं मदरबोर्डवरचं जुनं फर्मवेअर) १०२४ सिलिंडरांपलीकडचं, म्हणजे डिस्कच्या सुरुवातीच्या भागापलीकडचं, वाचता येत नसे, आणि लिलो हा तेव्हाचा बूटलोडर कर्नल (लिनक्सचा गाभा) बायोसकरवीच उचले. म्हणून डिस्कच्या सुरुवातीलाच एक छोटं पार्टिशन काढून कर्नल त्यात ठेवत. ती मर्यादा केव्हाच गेली. आज '/बूट' वेगळं काढलं जातं ते बहुधा उरलेली डिस्क एनक्रिप्ट करायची असते म्हणून. आकार मात्र जुनाच धरला जातो. २०० एमबीत दोन-तीन कर्नल साठले की अपडेट अर्ध्यावर अडकतं. १ जीबी ठेवलेलं बरं.

दुसरं 'बायोस बूट'. एमबीआरच्या (डिस्कचा पहिला सेक्टर, त्यातच पार्टिशनांचा जुना तक्ता) ५१२ बाइटांपैकी कोडच्या वाट्याला जेमतेम ४४६, त्यामुळे ग्रब या बूटलोडरचा पुढचा भाग पहिल्या पार्टिशनआधीच्या बेवारशी सेक्टरांत बसे. एमबीआरची मजल २ टीबीपर्यंतच, म्हणून जीपीटी ही पार्टिशनांची नवी पद्धत आली आणि तिचा तक्ताच त्या जागेत येऊन बसला. मग ग्रबसाठी १ एमबीचं पार्टिशन काढावं लागलं. ते फॉरमॅट करायचं नाही, माउंटही (फोल्डरसारखं जोडणंही) नाही.

तिसरं बायोसच्या जागी आलेल्या यूईएफआय फर्मवेअरचं ईएसपी (ईएफआय सिस्टिम पार्टिशन), ज्यात बूटलोडर असतो: फॅट३२ फाइलसिस्टिमचं, बहुधा '/बूट/ईएफआय'वर माउंट होणारं.

खरा घोळ घातला तो पार्टेड या पार्टिशन पाडण्याच्या साधनातल्या 'बूट' फ्लॅगने (पार्टिशनवर लावायच्या खुणेने). एमबीआरवर त्याचा अर्थ 'सक्रिय पार्टिशन', जीपीटीवर मात्र 'हे ईएसपी आहे'. एकाच शब्दाला दोन अर्थ देण्याचं समर्थन करणं अवघडच. जुन्या सवयीने कुणी ईएक्सटी४ (लिनक्सची फाइलसिस्टिम) असलेल्या जीपीटीवरच्या '/बूट'वर तो लावला की पार्टिशनचा प्रकारच बदलतो. फर्मवेअर तिथे फॅट शोधतं, त्याला काही सापडत नाही, आणि मशीन सुरू न होण्याची वेळ येऊ शकते. '/बूट'ला जीपीटीवर कोणताच फ्लॅग नको; बायोस बूटला 'बायोस_ग्रब', ईएसपीला 'ईएसपी'. (विंडोजच्या परिभाषेत तर सगळं उलटंच: बूट फाइली असतात ते 'सिस्टिम पार्टिशन' आणि विंडोज असतं ते 'बूट पार्टिशन'.)

यांपैकी कोणतं लागेल हे इन्स्टॉलर कोणत्या मोडमध्ये सुरू झाला त्यावर ठरतं. बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह बरेचदा दोनदा दिसतो, त्यातल्या एका नावापुढे 'यूईएफआय' असतं. लाइव्ह सत्रात (पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या लिनक्समध्ये) '/सिस/फर्मवेअर/ईएफआय' ही डिरेक्टरी नसेल, तर आपण जुन्या बायोस मोडमध्ये आहोत. त्या मोडमध्ये जीपीटी डिस्कवर बायोस बूट नसेल तर ग्रब शेवटच्या टप्प्यावर नकार देतो.

विंडोजशेजारी लिनक्स टाकताना आधीचंच ईएसपी माउंट करावं. इन्स्टॉलरमध्ये त्यापुढे फॉरमॅटची खूण तशीच राहिली तर विंडोजचा लोडर पुसला जातो.