फोमचं चिलखत: सांधा, पट्टा आणि दिवसभराचा घाम

कॉस्प्लेसाठी, म्हणजे सिनेमा-कॉमिकमधल्या पात्राचा वेश करण्यासाठी, ईव्हीए फोम (हलकी, रबरासारखी शीट) नेणारे ग्राहक सर्वांत जास्त विचारतात ते रंगाबद्दल. दुरुस्तीला परत येणारं चिलखत मात्र रंगामुळे क्वचितच बिघडलेलं असतं. एक तर सांधा उकललेला असतो, नाहीतर पट्टा मुळासकट निघालेला असतो. म्हणून या पत्रकात त्या दोन गोष्टींवर जास्त लिहिलं आहे.

फोम किती, कोणता

छाती, पाठ, खांदे यांना ५ मिमी जाडी पुरते. १० मिमी फक्त उठावाच्या भागांना आणि ढालीला वापरा. काठ आणि नक्षीसाठी २ मिमी घ्या. मध्यम बांध्याच्या माणसाचा हिशोब असा: छाती-पाठ मिळून १०० × ५० सेमी, दोन खांदे प्रत्येकी ३० × ४०, दोन हातकवचं प्रत्येकी ३० × ३०. बेरीज ०.९२ चौरस मीटर. कापताना साधारण चौथा हिस्सा वाया जातो, तेव्हा सव्वा चौरस मीटर घ्या.

मुलांच्या खोलीत अंथरतात त्या जोडायच्या मॅटही चालतात, पण आधी अंगठ्याने दाबून बघा. खळगा लगेच भरून आला नाही तर तो फोम पोकळ आहे. रंग दिल्यावर बोटांचा प्रत्येक ठसा त्यावर दिसेल.

माप

जुना टी-शर्ट घालून त्यावर क्लिंग फिल्मचे (अन्न झाकायच्या पातळ प्लास्टिकचे) दोन वेढे आणि वर मास्किंग टेपचे दोन थर द्या. मार्करने तुकड्यांच्या रेषा काढा आणि दर ५ सेमीवर रेषेला आडवी छोटी खूण करा. चिकटवताना खुणेला खूण जुळवायची असते. या खुणा नसतील तर एक कड लांब पडते आणि सांध्यावर चुणी येते. पाठीमागून बोथट टोकाच्या कात्रीने कापून काढा आणि प्रत्येक तुकड्यावर डावा-उजवा लिहा.

कागदावर उतरवताना घेरात ३ सेमी वाढवा. ५ मिमी फोम वाकवला की त्याची जाडीच दीड सेमी घेर खाते. उरलेला दीड सेमी श्वासाला आणि आतल्या कपड्याला हवा. पहिली जोडणी मास्किंग टेपने करून खुर्चीत बसा. कमरेची कड मांडीला लागून छातीचा भाग हनुवटीकडे सरकत असेल, तर खालून २-३ सेमी आत्ताच कमी करा. रंगानंतर ते करता येत नाही.

कटरचं पान बोथट झालं की फोमची कड करवतीसारखी निघते आणि तसा सांधा कधीच बंद दिसत नाही. मीटरभर कापलं की पान मोडून पुढचं घ्या.

सांधा

पांढरा फेव्हिकॉल फोमला धरत नाही. चपला शिवणारे वापरतात ते रबराचं सोल्यूशन लागतं. अशा एका चिलखताला अर्धा लिटर पुरेसं होतं. दोन्ही कडांना पातळ हात द्या, कड ते पिऊन टाकते म्हणून ५ मिनिटांनी दुसरा हात द्या आणि मग थांबा. बोट लावल्यावर तार निघत नाही, नुसता चिकटपणा जाणवतो, तेव्हा जोडा. ही अवस्था यायला साधारण ८-१० मिनिटं लागतात. ओलं जोडलं की सोल्यूशनमधला द्रव आत अडकतो आणि सांधा दुसऱ्या दिवशीही सरकतो. जोडताना घाई नको, कारण एकदा टेकलेली कड परत सरकवता येत नाही. टोकापासून खूण-खूण दाबत पुढे जा.

ठाण्यात जून ते सप्टेंबर यात आणखी एक भानगड होते. सोल्यूशन उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं. थर दुधाळ पांढरा दिसला तर जोडू नका, वरून चिकटल्यासारखं वाटलं तरी नंतर पापुद्र्यासारखं सुटतं. तो थर पूर्ण वाळू द्या, मग नवा पातळ हात द्या. पावसाळ्यात हे काम एसी खोलीत किंवा दुपारी उघडीप असताना करा. लावण्याआधी फोम हेअर ड्रायरने कोमट केला तरी फरक पडतो, मात्र डबा उघडा असताना ड्रायर किंवा हीट गन (कडक गरम हवा फेकणारं यंत्र) चालू नको. वाफ पेट घेते आणि डोकंही धरतं. खिडकी उघडी हवीच. कापडी मास्क किंवा एन-९५ वाफ अडवत नाही, तो घासताना उडणाऱ्या भुशासाठी. वाफेसाठी ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा, म्हणजे रसायनाची वाफ शोषणारी डबी लावलेला, मास्क येतो.

थर्माकोलला हे सोल्यूशन लावू नका, तो विरघळतो.

आकार आणि रंग

हीट गन कमी सेटिंगवर, फोमपासून १० सेमी दूर, सतत हलती ठेवा. पृष्ठभागाची झळाळी बदलली की मांडीवर किंवा भांड्यावर वाकवून गार होईपर्यंत धरा. नक्षी हवी असेल तर आधी कटरने एक-दोन मिमी खोल चीर द्या. उष्णता लागताच चीर आपोआप उघडून स्वच्छ खाच होते. सगळा पृष्ठभाग एकदा असा तापवल्याशिवाय रंगाला घेऊ नका, उघडी छिद्रं रंग पीत राहतात. त्यावर लवचिक रबरी सीलरचे तीन पातळ हात, मग अ‍ॅक्रिलिक. ऑइल पेंट वाकणाऱ्या जागी तडकतो.

पट्टा

पट्टा फोमच्या वर नुसता चिकटवला की ओढ त्याला सोलून काढते. फोमला चीर पाडा, २५ मिमीचा नायलॉन पट्टा त्यातून आत घ्या, ६ सेमी शेपूट आतल्या बाजूला चिकटवा आणि वरून २ मिमी फोमचं ठिगळ बसवा. आता ओढ चिरेच्या कडेवर येते. मागे गम असलेला वेल्क्रो घामाने सुटतो, तो कापडाच्या पट्टीवर शिवून मग सोल्यूशनने लावा. बक्कल बॅग दुरुस्तीवाल्याकडे सुट्टं मिळतं.

अंगावर

फोममधून घाम उडत नाही. आत सुती बनियनऐवजी खेळाचा पटकन वाळणारा टी-शर्ट घाला. खांद्यांच्या आत १० मिमी फोमच्या दोन-दोन पट्ट्या लावल्या की हवेला वाट राहते. शिरस्त्राणात मागच्या बाजूला ४० मिमीचा ५ व्होल्ट पंखा बसवा, हवा बाहेर फेकणारा, पॉवर बँकवर चालतो. तासातून एकदा शिरस्त्राण काढून पाणी प्या. चक्कर किंवा मळमळ वाटली तर जोडीदाराला सांगून लगेच सगळं सोडा आणि सावलीत बसा. एका हाताने सुटणारी बक्कलं यासाठीच हवीत.

ठाणे-वाशी लोकलमध्ये चिलखत घालून चढू नका. पायाखालचं दिसत नाही आणि दांडी धरायला हात पूर्ण वर जात नाही. खांदे सुटे ठेवा, सगळं बॅगेत न्या आणि कार्यक्रमाच्या जागी पोचल्यावर चढवा. उन्हात उभ्या गाडीत ठेवलेल्या फोमचा आकार बसतो आणि सांधे मऊ होतात. परत आल्यावर आतून ओल्या फडक्याने पुसून वाळवा आणि छातीच्या भागात चुरगळलेला कागद भरून उभं ठेवा.

फोम कापण्याआधी कागदी तुकडे दुकानात घेऊन या. शीटवर मांडून कमीत कमी फोममध्ये कसं बसेल ते आखून देतो, त्याचे पैसे घेत नाही.