कारपूल की कॅब? खर्चाची वाटणी कुठे संपते आणि भाडं कुठे सुरू होतं

शनिवार-रविवार गाडी दारात उभीच असते, ॲपवर टाकली तर चार पैसे सुटतील, असं नोकरदार माणसाच्या मनात आलं की त्याच्यासमोर दोन पर्याय येतात. मोबाइलवर दोन्ही सारखेच दिसतात: नकाशावर गाडी, अनोळखी प्रवासी, उतरताना यूपीआय. पण कारपूल म्हणजे खर्चाची वाटणी आणि कॅब म्हणजे प्रवासी वाहतुकीचा धंदा. जोडउत्पन्न फक्त कॅबमधून मिळतं. कारपूलमधून होते ती बचत, आणि तिला उत्पन्न समजून बसलं की घोटाळा सुरू होतो.

ओळखायची खूण साधी आहे. एकही प्रवासी मिळाला नसता, तरी तुम्ही त्या वेळी, त्या वाटेने निघाला असतात का? असतात तर कारपूल. प्रवाशाने सांगितलं म्हणून निघालात, तर ते भाडं, मग गाडी कुठल्याही ॲपवर असो.

दुसरी खूण पैशांची. पुण्याहून मुंबईला जाताना सुमारे 150 किलोमीटर होतात. गाडी लिटरला 15 किलोमीटर देत असेल तर 10 लिटर पेट्रोल लागतं. लिटर 104 रुपयांना धरलं तर 1,040 रुपये, आणि द्रुतगती मार्गाचा टोल 320. एकूण 1,360. तुम्ही धरून चौघे असाल तर प्रत्येकी 340. तिघांकडून मिळून 1,020 रुपये येतात आणि तुमचा वाटा तुमच्याच खिशातून जातो. इथवर ती वाटणी आहे. तिघांकडून 600-600 घेतले तर 1,800 होतात, म्हणजे खर्च भागून 440 रुपये वर उरतात. हा नफा आहे आणि पांढऱ्या पाटीच्या, म्हणजे खासगी, गाडीवर तो घेता येत नाही.

घेतला तर काय होतं? मोटार वाहन कायद्याच्या कलम 66 प्रमाणे भाड्याने प्रवासी नेणाऱ्या गाडीला परवाना लागतो. विनापरवाना सापडल्यास कलम 192-अ नुसार पहिल्या गुन्ह्याला 10,000 रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय गाडी अडकवून ठेवता येते. विम्याचा फटका याहून मोठा. खासगी गाडीच्या पॉलिसीत 'भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापर' वगळलेला असतो. अपघात झाला की कंपनी बुकिंगची नोंद मागते आणि तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारते. जखमी प्रवाशाची भरपाई आधी कंपनीने द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी, असे आदेश न्यायालयं देतात. एका शनिवारच्या भाड्यापायी लाखांची वसुली अंगावर येऊ शकते.

कारपूलही ॲपवरून करायचं असेल तर महाराष्ट्रात आधी ॲपची परवानगी तपासा. 19 जानेवारी 2023 रोजी राज्य सरकारने खासगी वाहनांच्या ॲपआधारित वापराला मनाई केली होती, आणि ॲप चालवणाऱ्या कंपनीला कलम 93 खाली राज्याचा परवाना लागतोच. सोसायटीतल्या किंवा कचेरीतल्या ओळखीच्या माणसांसोबत पेट्रोल वाटून घेणं ही वेगळी गोष्ट, त्यात ॲप मध्ये येतच नाही.

आता कॅब. इथे कागद वाढतात. पाटी पिवळी आणि अक्षरं काळी, विजेवरची गाडी असेल तर हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं. ॲपवरच्या बहुतेक गाड्या टुरिस्ट परमिटवर चालतात. नव्या गाडीचं पासिंग, म्हणजे आरटीओची तपासणी, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. चालकाला आरटीओचा बॅज, म्हणजे प्रवासी गाडी चालवण्याचा अधिकृत बिल्ला, लागतो, त्यासाठी पोलिस पडताळणी होते. लायसन्सवर मात्र वेगळी ट्रान्सपोर्ट नोंद नसली तरी 7,500 किलोपर्यंतचं हलकं व्यावसायिक वाहन चालवता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये स्पष्ट केलं. गाडीवर कर्ज असेल तर पिवळी पाटी करण्याआधी बँकेचं ना-हरकत पत्र घ्यावं लागतं, आणि लोक नेमके इथेच महिनोन् महिने अडकतात.

खरा भार थर्ड पार्टी विम्याचा, म्हणजे अपघातात दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई करणाऱ्या सक्तीच्या विम्याचा. 2022 च्या दरपत्रकात 1,000 ते 1,500 सीसीच्या खासगी गाडीला वर्षाला 3,416 रुपये आहेत. तेवढ्याच इंजिनाच्या टॅक्सीला 7,940 रुपये आणि दर प्रवाशामागे 978. चार प्रवाशांचे धरून 11,852 रुपये होतात, वर जीएसटी. रोज गाडी काढणाऱ्याला 300 दिवसांत हा भार दिवसाला 40 रुपयांच्या आत पडतो. फक्त सुट्टीच्या 100 दिवसांत चालवलीत तर तोच 119 रुपये. अर्धवेळ चालवणाऱ्याचं गणित बिघडतं ते अशा ठरलेल्या खर्चांमुळे, ॲपचं कमिशन त्यानंतर येतं.

आणि रिकामं पळणं. प्रवाशाकडे पोचायला 3 किलोमीटर, भाड्याचे 9, परत भाडं मिळेल अशा जागी यायला 4. गाडी 16 पळाली, पैसे मिळाले 9 चे. सीएनजी किलोला 90 रुपये आणि किलोमागे 20 किलोमीटर धरले तर इंधनच 72 रुपयांचं, म्हणजे भाड्याच्या प्रत्येक किलोमीटरमागे साडेचार नाही, आठ रुपये. टायर, ऑइल, क्लच यांची झीज अजून धरलेलीच नाही. कारपूलमध्ये हा खर्च जवळजवळ शून्य, कारण गाडी तुमच्याच वाटेने जात असते.

कॅबची कमाई प्राप्तिकरात धंद्याचं उत्पन्न म्हणून दाखवावी लागते. अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत डिजिटल जमेवर 6 टक्के आणि रोख जमेवर 8 टक्के नफा धरता येतो, पण मग पगारदाराला नेहमीचा 'सहज' (आयटीआर-1) फॉर्म सोडून 'सुगम' (आयटीआर-4) भरावा लागतो. नोकरीच्या नेमणूकपत्रात दुसऱ्या व्यवसायाला बंदी आहे का, हेही आधी वाचा.

फक्त सुट्टीत चालवणाऱ्याने स्वतःची गाडी पिवळी करण्यापेक्षा दुसऱ्याची पिवळी गाडी पाळीवर चालवलेली बरी, असं आमचं स्पष्ट मत आहे. विमा, परमिट, पासिंग मालकाचं, बॅज तुमचा. किल्ली हातात घेण्याआधी एम-परिवहन या सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाकून विमा आणि पासिंगच्या तारखा पाहा. ठरलेलं रोजचं भाडं मालकाला द्यायचं की जमेतला हिस्सा, आणि टोल, सीएनजी, चलान कोणाकडे, हे लिहून घ्या.