शेवटच्या रांगेतलं तिकीट

15 ऑगस्ट 1965, न्यूयॉर्कचं शे स्टेडियम. बेसबॉलचं मैदान, 55,600 लोक आणि मधोमध चार पोरं: बीटल्स. गल्ला जमला 3 लाख 4 हजार डॉलर, म्हणजे माणशी सरासरी साडेपाच डॉलर, त्या काळासाठी प्रचंड मोठा आकडा. पण मजा अशी की एवढे पैसे देऊन आलेल्यांपैकी बहुतेकांना गाणी धड ऐकूच आली नाहीत. आणि त्यांचं सोडा, स्टेजवर खुद्द त्यांच्या ड्रमरला, रिंगो स्टारला, गाणं कुठवर आलंय हे बाकी तिघांच्या हालचाली बघून ओळखावं लागत होतं, कारण गाणाऱ्याकडे तोंड करून ठेवलेले मॉनिटर स्पीकर तिथे नव्हतेच.

रॉक म्युझिक एवढा मोठा धंदा कसा झाला यावर बोलताना लोक रेकॉर्ड कंपन्या, रेडिओ, मॅनेजर यांच्याबद्दल बोलतात, आणि ते बरोबरही आहे. 1954 साली खिशात मावणारा ट्रान्झिस्टर रेडिओ आला आणि पोरं आईबापांपासून लांब बसून आपली गाणी ऐकायला लागली. पुढच्याच वर्षी आरसीए कंपनीने एल्विस प्रेस्लीचा करार 35 हजार डॉलरला विकत घेतला. पण मला स्वतःला यातला सगळ्यात जबरदस्त भाग वाटतो तो आवाजाचा. कारण साधा हिशोब आहे, आवाज जिथवर पोचतो तिथवरच तिकीट विकता येतं. एखादवेळी नुसतं बघायला लोक येतील, दर वर्षी नाही येणार.

आता शे स्टेडियमला नेमकं काय झालं ते बघू. बीटल्सकडे व्हॉक्स कंपनीने खास बनवलेले 100 वॅटचे अॅम्प्लिफायर होते आणि गळ्याचा आवाज जात होता स्टेडियमच्या स्वतःच्या, अनाउन्समेंटसाठी लावलेल्या स्पीकरमधून. मोकळ्या जागेत आवाज चहूबाजूंनी पसरतो, त्यामुळे अंतर दुप्पट झालं की तो 6 डेसिबलने पडतो (डेसिबल म्हणजे आवाजाच्या जोराचं माप). समजा 100 वॅटवर स्पीकरसमोर एक मीटरवर 120 डेसिबल मिळाले, तर 2 मीटरवर 114, 4 वर 108, असं करत करत 64 मीटरवर उरतात 84. आणि हजारो लोक एकदम किंचाळतात तेव्हा तो गोंगाट शंभरच्या आसपास सहज जातो. हा 16 डेसिबलचा फरक कागदावर छोटा दिसतो, पण डेसिबलचं गणित गुणाकाराचं असतं, तो भरून काढायला 40 पट पॉवर लागेल, आणि तीही फक्त किंकाळ्यांची बरोबरी करायला! एका वर्षाने, 29 ऑगस्ट 1966 ला, सॅन फ्रान्सिस्कोत बीटल्सने शेवटचा तिकीट लावलेला शो केला आणि स्टुडिओत गेले. कारणं बरीच होती, पण आपलंच आपल्याला ऐकू न येणं हे त्यातलं एक मोठं कारण.

मग ही 40 पट पॉवर आणायची कुठून? व्हॅल्व्हचे, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारे जुने अॅम्प्लिफायर जड, तापणारे, नाजूक. 1967 मध्ये क्राऊन कंपनीचा डीसी-300 आला, पूर्ण ट्रान्झिस्टरवर चालणारा, एकेका चॅनेलला 150 वॅट. असे अॅम्प्लिफायर ट्रकमध्ये रचायचे आणि गावोगाव न्यायचे, त्यातून साउंड भाड्याने देणाऱ्या कंपन्यांचा एक वेगळाच धंदा उभा राहिला. 5 मे 1973 ला फ्लोरिडात टॅम्पाला लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडने 56,800 लोक जमवले, गल्ला 3 लाख 9 हजार, बीटल्सचा रेकॉर्ड मोडला. यावेळी लोकांना ऐकूही येत होतं. आणि त्यांचा मॅनेजर पीटर ग्रँट आयोजकांकडून उत्पन्नाचा 90 टक्के वाटा मागायचा, आणि तो मिळायचाही.

पण नुसती पॉवर वाढवून भागत नाही. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, म्हणजे शंभर मीटर मागे बसलेल्याला तो जवळजवळ 0.3 सेकंद उशिरा ऐकू येतो. त्याच्यासाठी मध्ये जास्तीचा स्पीकर लावला तर वायरमधून सिग्नल तत्काळ येतो, जवळचा स्पीकर आधी वाजतो, स्टेजचा मागाहून, आणि सगळा गोंधळ. जुलै 1973 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेनच्या रेस ट्रॅकवर रॉक कॉन्सर्टला सुमारे 6 लाख लोक जमले होते, तिथे मागच्या टॉवरचा आवाज डिजिटल डिले वापरून मुद्दाम उशिरा सोडला. यातली सगळ्यात सुंदर गोष्ट आपल्या कानांची आहे: जो आवाज आधी येतो त्याच दिशेने सगळा आवाज येतोय असं मेंदू धरून चालतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने 1949 साली हे नीट मोजून दाखवलं होतं. म्हणून डिले हिशोबापेक्षा 10-20 मिलिसेकंद जास्त ठेवतात, मग आवाज शेजारच्या टॉवरमधून येत असला तरी आपल्याला तो स्टेजवरूनच आल्यासारखा वाटतो.

ग्रेटफुल डेड या बँडने तर 1974 मध्ये सहाशेच्या आसपास स्पीकरची अख्खी भिंतच उभी केली, तीही स्वतःच्या पाठीमागे, म्हणजे प्रेक्षक जे ऐकतात तेच आपल्यालाही ऐकू यावं. पण माइकसमोर एवढे स्पीकर म्हणजे त्यांचा आवाज परत माइकमध्ये शिरणार आणि कर्कश शिट्टी ठरलेली. त्यांनी काय केलं, प्रत्येक गायकाला जोडीने दोन माइक दिले, एकाची वायर उलटी जोडून. भिंतीचा आवाज दोन्ही माइकमध्ये सारखाच शिरतो, तो एकमेकांना मारून टाकतो, आणि गायक एकाच्या अगदी जवळ गातो म्हणून त्याचा आवाज तेवढा उरतो. काय डोकं आहे! पण ही भिंत उभारायला इतका वेळ लागायचा की दोन स्टेज आलटून पालटून पुढच्या गावाला पाठवावे लागायचे, आणि तो खर्च बँडला झेपला नाही, ऑक्टोबर 1974 नंतर भिंत बंद.

मोठ्या कॉन्सर्टला स्टेजच्या दोन्ही बाजूंना केळीसारखी वाकलेली स्पीकरची माळ टांगलेली असते ती बघितली असेल, तिला लाइन अॅरे म्हणतात. ती लोकप्रिय केली ख्रिश्चन हाइल या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला. खोके नेमक्या अंतरावर एकाखाली एक टांगले की काही अंतरापर्यंत आवाज वर-खाली फुकट न जाता आडवाच पसरतो आणि अंतर दुप्पट झाल्यावर 6 ऐवजी 3 डेसिबलच पडतो. म्हणजे पुढच्यांचे कान न फोडता मागच्यांपर्यंत पोचता येतं. आपल्याकडे मिरवणुकीत ट्रकवर जी डीजेची भिंत रचतात तिथे ही काळजी कोणी घेत नाही, समोर नाचणाऱ्या पोरांच्या कानांचं काय होत असेल या विचाराने मला खरंच वाईट वाटतं.

बेस मात्र अजूनही त्रास देतो. 50 हर्ट्झची लहर जवळपास 7 मीटर लांब, तिला मीटरभराचा खोका दिशा देऊच शकत नाही, म्हणून स्टेडियमच्या आजूबाजूला राहणाऱ्यांना गाणं नाही, नुसतं धपधप ऐकू येतं. त्यावर तोडगा म्हणून सबवूफरच्या, म्हणजे फक्त बेस वाजवणाऱ्या स्पीकरच्या रांगेत काही खोके मागे तोंड करून ठेवतात, त्यांचा सिग्नल उलटा करतात आणि थोडा उशिरा सोडतात. स्टेजच्या मागच्या बाजूला दोन्ही आवाज एकमेकांना मारतात, पुढे मात्र बेस तसाच जातो. 1974 च्या त्या दोन माइकची युक्तीच, फक्त आता ती स्पीकरवर चालते.