पिनकोडच्या मध्यावर पडलेली पार्सलं

'भिकारदास मारुतीजवळ, सदाशिव पेठ, पुणे ४११०३०.' एवढ्यावर जुना पोस्टमन दारात हजर होतो. मार्ग आखणाऱ्या संगणकाला मात्र फक्त अक्षांश आणि रेखांश कळतात. पत्त्यावरून हे आकडे काढणं म्हणजे जिओकोडिंग.

आधी पत्त्याचे तुकडे पाडायचे: घर, इमारत, रस्ता, पेठ, पिन. मग ते साठवलेल्या यादीशी ताडून पाहायचे. इमारत सापडली तर प्रश्न मिटला, नाहीतर अंदाज. अमेरिकेत १९७० च्या जनगणनेसाठी रस्त्याच्या प्रत्येक तुकड्यावरचे घरनंबर कुठून कुठपर्यंत जातात, हे संगणकात भरलं गेलं. १०० ते २०० नंबरांच्या तुकड्यात १५० नंबरचं घर साधारण मधोमध धरता येतं. पुण्याच्या पेठांत ही युक्ती लंगडी पडते, कारण तिथला जुना घरनंबर रस्त्याचा नसतो, पेठेचा असतो.

मग प्रणाली एकेक पायरी खाली येते आणि काहीच जुळलं नाही तर पिनकोडच्या हद्दीचा मध्यबिंदू देऊन मोकळी होते. १९७२ साली श्रीराम भिकाजी वेलणकरांनी घडवलेला पिनकोड टपालाच्या वर्गवारीसाठी होता. त्याच्याकडून दार दाखवण्याची अपेक्षाच चुकीची आहे.

खरा धोका इथे आहे. हा मध्यबिंदूसुद्धा पाच दशांश स्थळांपर्यंत, म्हणजे साधारण एका मीटरच्या अचूकतेने छापलेला येतो. तीस पार्सलं त्याच बिंदूवर पडली की त्यांच्यातलं अंतर शून्य ठरतं, आणि कागदावर दिवसभराचा मार्ग झकास आखूड दिसतो. ऊन खात घरं शोधत फिरतो तो डिलिव्हरीवाला. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली तर पुण्याचं पार्सल नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जातं. ती चूक लगेच डोळ्यांत भरते, मध्यबिंदूची भरत नाही. म्हणून बिंदू इमारतीचा आहे, रस्त्याचा की नुसत्या पिनचा, हे आधी बघायलाच हवं. बऱ्याच सेवा ते उत्तरासोबत सांगतात. पिनवर अडकलेले पत्ते बाजूला काढून फोनवर पक्के करावेत.

बिंदू इमारतीवर बरोबर पडला तरी एक मेख उरते. प्रणाली तो जवळच्या रस्त्याला जोडते. मागची बोळ जवळ असली तर गाडी कुंपणाच्या भिंतीशी जाऊन थांबते आणि फाटक पलीकडे राहतं.

टपाल खात्याने २०२५ मध्ये आणलेल्या डिजिपिनमध्ये देशाचे सुमारे चार बाय चार मीटरचे चौकोन पाडले आहेत, प्रत्येकाला दहा चिन्हांचा संकेत. तो थेट अक्षांश-रेखांशांवरूनच निघतो, त्यामुळे पत्ता ताडून पाहण्याची भानगडच नाही. सोसायट्यांनी मात्र तो इमारतीच्या मधोमध उभं राहून नव्हे, फाटकात उभं राहून काढावा.