कालोनिमोस: ज्यूंच्या घरातलं ग्रीक नाव

ज्यू पुरुषाचं नाव म्हटलं की अब्राहम, मोझेस, डेव्हिड अशी बायबलमधली नावं आठवतात. कालोनिमोस त्या पंगतीतलं नाही. ते मुळात हिब्रूच नाही. ‘कालोस’ म्हणजे सुंदर आणि ‘ओनोमा’ म्हणजे नाव, या दोन ग्रीक शब्दांची ही जोडणी. नावाचा अर्थच ‘सुंदर नावाचा’!

अलेक्झांडरच्या स्वाऱ्यांनंतर भूमध्य समुद्राच्या पूर्व काठावर ग्रीक भाषा पसरली आणि तिथल्या ज्यूंनी ग्रीक नावंही आपलीशी केली. तालमूद या धर्मग्रंथात ज्यू धर्म स्वीकारलेल्या ओंकेलोस नावाच्या माणसाची गोष्ट येते. एका ठिकाणी त्याच्या बापाचं नाव कालोनिमोस आहे, दुसऱ्या ठिकाणी कालोनिकोस, म्हणजे ‘सुंदर विजय’. हाताने नकला उतरवण्याच्या काळात एवढी अदलाबदल व्हायचीच.

नावाला खरं वजन आलं ते एका घराण्यामुळे. इटलीतल्या लुक्का गावचे हे विद्वान ऱ्हाइनकाठच्या माइन्झला येऊन स्थिरावले. कुणी ‘राजा चार्ल्स’ त्यांना घेऊन आला, असं त्यांची परंपरा सांगते; तो नेमका कोणता चार्ल्स, यावर इतिहासकार अजून भांडतात. मर्झेबुर्गचा बिशप थीटमार याने लिहिलेला ९८२ सालचा एक प्रसंग मात्र फार जिवंत आहे. दक्षिण इटलीत अरबांकडून मार खाल्लेला सम्राट ऑटो दुसरा, कालोनिमोस नावाच्या ज्यूच्या घोड्यावर बसून समुद्रात शिरला. पहिल्या जहाजाने त्याला घेतलंच नाही. परत येतो तो काय, हा ज्यू आपल्या धन्याच्या काळजीने अजून काठावरच उभा! मग सम्राटाने दुसरं जहाज गाठलं. हा कालोनिमोस त्याच घराण्यातला होता का, हा वेगळा प्रश्न. पण बिशपाच्या इतिवृत्तात एका ज्यूचं नाव टिकलं, हेही थोडं नव्हे.

पुढे फ्रान्सच्या दक्षिणेत आर्ल गावी १२८६ साली कालोनिमोस बेन कालोनिमोस जन्मला. बापलेकांचं नाव एकच. जिवंत बापाचं नाव मुलाला ठेवायचं, हे जर्मनीतल्या ज्यूंना चाललं नसतं. तिथे नाव ठेवायचं ते गेलेल्या नातेवाइकाचं. या पठ्ठ्याने अरबी ग्रंथ हिब्रूत आणले आणि लोक त्याला ‘माएस्त्रो कालो’ म्हणू लागले.

रोज हाक मारायला एवढं लांब नाव कोण वापरणार? यिद्दिश ही युरोपातल्या ज्यूंची बोली; ती बोलणाऱ्यांनी त्याचं ‘काल्मान’ केलं. सिनॅगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, कालोनिमोस; बाजारात काल्मान. घटस्फोटाच्या धार्मिक दस्तऐवजात नावाची गफलत चालत नाही, म्हणून रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, अशा जोड्यांचा आणि त्यांच्या अक्षरांचा बारकाईने कीस पाडला. काही जण तर दोन्ही नावं एकत्रच लावत. नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वॉर्सा घेट्टोतले रब्बी कालोनिमोस काल्मान शापिरा हे त्यांतलेच. आपल्याकडच्या बेने इस्रायली ज्यूंमध्येही अशी जोडनावं होती: १७९६ साली मुंबईत सिनॅगॉग बांधणारे सॅम्युअल इझिकेल दिवेकर लोकांत सामाजी हसाजी म्हणून ओळखले जात.

हंगेरीत मात्र सांभाळून राहावं लागतं. तिथे काल्मान हे ख्रिस्ती नावही आहे, १०९५ ते १११६ या काळात राज्य केलेल्या राजाचं. त्याचा ग्रीक कालोनिमोसशी काही संबंध नाही. त्यामुळे बुडापेस्टच्या जुन्या नोंदवहीत नुसतं ‘काल्मान’ दिसलं, तर त्या माणसाचं सिनॅगॉगमधलं नाव कुठे लिहिलेलं सापडतं का, हे आधी पाहावं लागतं.