मोहरी, खसखस आणि बायबलातली चूक

आमच्याकडे वसईला मे महिना म्हणजे बाटली मसाला. मिरच्या कडकडीत वाळल्या की एकेक जिन्नस भाजायला निघतो, आणि लहानपणी एकदा सुपात मोहरी नि खसखस शेजारी शेजारी बघून मी आजीला विचारलं की येशू तर म्हणतो मोहरीचा दाणा सगळ्यांत बारीक, मग ही खसखस काय? आजी म्हणाली, "त्याच्या गावात नसेल खसखस. तू मिरच्या हलव." पुढच्या रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात तेच विचारलं तर बाई भडकल्या, बायबलात चूक नसते म्हणे, चूक विचारणाऱ्यात असते.

बरीच वर्षं मला वाटायचं की बाईंचं उत्तर म्हणजे शास्त्र आणि आजीचं म्हणजे अडाणीपणा. नंतर हा सगळा इतिहास वाचत गेलो तेव्हा कळलं की आजीच्या उत्तराला बाईंच्या उत्तरापेक्षा जास्त वर्षं झालीत.

तिसऱ्या शतकात ओरिजेन नावाचा मोठा पंडित होऊन गेला, तो सरळ विचारतो की बायबलातल्या उत्पत्तीच्या पुस्तकात सूर्य चौथ्या दिवशी झाला, मग पहिल्या तीन दिवसांची सकाळ-संध्याकाळ कशी काय झाली? त्याचं म्हणणं, हे शब्दशः घ्यायचंच नाही, आतला अर्थ घ्यायचा. आता दुसरी बाजू पण सांगायला हवी, नाहीतर लबाडी होईल. संत ऑगस्टिन म्हणायचा की पवित्र शास्त्र लिहिणारे चुकले नाहीत, काही चुकीचं दिसलं तर प्रत खराब असेल, भाषांतर करणारा चुकला असेल नाहीतर मला समजलं नसेल. म्हणजे चर्च काही पहिल्यापासून "चुका आहेत बरं का" असं सांगत नव्हतं. पण ऑगस्टिननेच उत्पत्तीचे सहा दिवस घड्याळाचे दिवस मानले नाहीत आणि त्यावरून त्याला कुणी धर्माबाहेर काढलं नाही.

आपल्या किनाऱ्यावर तर हा प्रश्न यायला मुळात पुस्तकच नव्हतं. फादर स्टीफन्स १५७९ ला गोव्यात आले आणि १६१६ ला रायतूरला त्यांचं क्रिस्तपुराण छापून निघालं, तेही रोमन लिपीत. त्यांनी बायबल भाषांतर करून हातात दिलं नाही, अकरा हजारांच्या आसपास ओव्यांमधून कथा सांगितली, पुराण सांगतात तशी. ओवी ऐकताना कुणी आकडे तपासत नाही ना. इकडे वसईत १७३९ ला चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज पाद्री गेले, लोक राहिले, आणि घरात बायबल नसताना रोजरी (जपमाळ), सण आणि मिस्सा (चर्चमधली उपासना) यांच्यावर विश्वास पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिला.

पुस्तक आलं ते प्रोटेस्टंट मिशनऱ्यांबरोबर. विल्यम कॅरींनी बंगालमधल्या श्रीरामपुरात १८११ ला मराठी नवा करार मोडी लिपीत छापला, मुंबईच्या अमेरिकन मिशनचा नवा करार १८२६ चा, अख्खं बायबल १८४७ चं. १८२३ पासून स्कॉटिश मिशनरी बाणकोट आणि हर्णैला होते, आणि १८२९ ला आलेले जॉन विल्सन (ज्यांच्या नावाचं कॉलेज गिरगाव चौपाटीसमोर आहे) सुरुवातीला मराठी शिकायला तिकडेच जाऊन राहिले.

आता खरी गंमत इथे आहे. हे मिशनरी पुराणांतल्या विसंगती काढायचे, अमुक देवाची कथा इथे अशी नि तिथे तशी, भूगोल चुकीचा, समुद्र दुधाचे. मग इकडचे शास्त्री काय गप्प बसणार होते? मोरभट दांडेकरांनी विल्सनशी वाद घातला, पुस्तक लिहिलं, विल्सननी १८३२ ला उत्तरादाखल पुस्तक काढलं. पुढे १८५७ ला विष्णुबावा ब्रह्मचारी, मूळचे कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातल्या शिरवलीचे, मुंबईच्या समुद्रकिनारी जाहीर वादाला उभे राहिले. दुसऱ्याच्या ग्रंथातल्या चुका मोजायला बसलं की आपला ग्रंथ पण त्याच काट्यावर चढतो. माझा अंदाज असा की "आमच्या पुस्तकात एकही चूक नाही" हा ताठा आपल्याकडे या भांडणातून जास्त मुरला, श्रद्धेतून कमी.

तिकडे मिशनऱ्यांच्या घरीच तोवर आग लागली होती. नाताळ नावाच्या वसाहतीत, म्हणजे दक्षिण आफ्रिकेत, कोलेन्सो नावाचे बिशप झुलू भाषेत बायबल आणत होते. त्यांचे झुलू सहकारी विल्यम एन्गिडी यांनी विचारलं की नोहाच्या तारवाची गोष्ट खरंच घडली का, सगळे प्राणी जोडीजोडीने आले का? बिशप गणिताचे माणूस, खोटं बोलवेना. १८६२ पासून त्यांनी जुन्या करारातले आकडे तपासणारी पुस्तकं काढली आणि इंग्लंडभर बोंब झाली. ससा रवंथ करतो असं लेवीय पुस्तकात आहे, तेही त्या वादात आलं. आपल्याकडे शेळी राखणारं पोर पण सांगेल ससा रवंथ करतो की नाही ते.

विल्सन १८७५ ला वारले, आणि त्याच वर्षी त्यांच्याच स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे प्राध्यापक रॉबर्टसन स्मिथ यांचा एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकात बायबलवर लेख आला. मोशेची म्हणतात ती बायबलची पहिली पाच पुस्तकं वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या हातांनी लिहिली गेली, असं त्यांचं म्हणणं. माणूस चांगला भाविक, पण चौकश्या झाल्या आणि १८८१ ला नोकरी गेली. बरोबर त्याच १८८१ ला अमेरिकेत प्रिन्स्टनच्या परंपरेतले धर्मपंडित हॉज आणि वॉरफिल्ड यांनी लेख लिहून भूमिका पक्की केली की मूळ हस्तलिखितांमध्ये काहीही चूक नव्हती. मूळ हस्तलिखित आज जगात एकही नाही. म्हणजे कोकणातल्या जमिनीच्या भांडणासारखं झालं, मूळ दस्त कुणाकडेच नाही पण त्यात आमचंच नाव आहे. पुढे १९१० नंतर फंडामेंटलिस्ट चळवळ, मग बायबलात चूक नाहीच असं सांगणारं १९७८ चं शिकागोचं निवेदन, आणि "एक चूक मानलीस तर येशूपण गेला" हे वाक्य मी जे प्रार्थनासभांमध्ये ऐकतो ते या रांगेतलं आहे.

आम्हा कॅथलिकांकडे पण सरळ रस्ता नव्हता. १८९३ ला पोप लिओ तेरावे यांनी चूक शक्यच नाही असं ठासून लिहिलं. १९४३ ला पोप पायस बारावे यांनी सांगितलं की लिहिणाऱ्याच्या काळाची लिहिण्याची पद्धत बघा, काव्य काव्यासारखं वाचा. आणि १९६४ ला व्हॅटिकन परिषदेत व्हिएन्नाचे कार्डिनल क्योनिग उभे राहिले नि सगळ्या बिशपांसमोर उदाहरण देऊन बोलले, की मार्कच्या शुभवर्तमानात दाविदाच्या वेळचा मुख्य याजक अब्याथार आहे आणि जुन्या करारातल्या शमुवेलाच्या पुस्तकात तो अहीमलेख आहे. कुणी बेशुद्ध पडलं नाही. पुढच्या वर्षी १८ नोव्हेंबर १९६५ ला जो दस्तऐवज मंजूर झाला त्यात शब्द असे आले की आपल्या तारणासाठी देवाला जे सत्य लिहून ठेवायचं होतं ते बायबल न चुकता शिकवतं. "तारणासाठी" या एका शब्दावर खूप ओढाताण झाली होती, आणि सशाचं रवंथ त्या शब्दाच्या बाहेर पडतं की नाही यावर अभ्यासक अजून भांडतात.

दापोलीजवळच्या करजगावात जन्मलेले रेव्हरंड टिळक मला इथे आठवतात. त्यांना रेल्वेत एका गोऱ्या माणसाने नवा करार दिला आणि डोंगरावरच्या प्रवचनाने ते खेचले गेले, १८९५ ला बाप्तिस्मा घेतला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं सांगणाऱ्या माणसाने आधी चुकांची यादी तपासली असेल असं काही वाटत नाही.

मोहरीचा तो दाखला १६ जून २०२४ च्या रविवारी मिस्सेत वाचला गेला. पाऊस लागला होता, मसाला बाटल्यांमध्ये भरून झाला होता. वाचणाऱ्याने "सगळ्या दाण्यांत लहान" म्हटलं आणि माझ्या बाजूला बसलेली चुलती माझ्याकडे बघून हसली, खसखशीची गोष्ट तिला माहीत आहे.