डोमेन घेण्याआधी ट्रेडमार्क तपासा: खान्देशातल्या लघुउद्योजकांसाठी

फैजपूर-रावेरकडचे केळी वेफर्सवाले असोत की धुळे-नंदुरबारचे पापड-मसालेवाले, आता बरेच जण स्वतःची वेबसाइट काढतात. डोमेन (वेबसाइटचा पत्ता) मिळालं म्हणजे नाव आपलं झालं, असं धरून चालतात. तसं नसतं. जो आधी मागेल त्याला डोमेन मिळतं. ते नाव दुसऱ्या कुणाचा ट्रेडमार्क (मालाची ओळख असलेलं नाव किंवा चिन्ह) आहे का, हे विकणारी कंपनी बघत नाही. सत्यम इन्फोवे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच सांगितलंय की डोमेनलाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण आहे. समोरच्याने नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवलेलं नसलं, पण बाजारात रुळवलेलं असलं, तरी तो दावा लावू शकतो.

म्हणून पाकिटं छापायला टाकण्याआधी आयपी इंडियाच्या (सरकारी ट्रेडमार्क कार्यालयाच्या) संकेतस्थळावर शोध घ्या. तो मोफत आहे. ट्रेडमार्कसाठी मालाचे वर्ग ठरलेले असतात: वेफर्ससाठी वर्ग २९, पापड-मसाल्यांसाठी ३०, ताज्या केळीसाठी ३१. नुसतं स्पेलिंग टाकून थांबू नका, उच्चारावरून शोधायचा पर्यायही वापरा. एखादं अक्षर बदललं की सुटलो, हा भ्रम इथेच फिटतो.

आपल्याकडे अडचण वेगळीच असते. प्रत्येकाला नावात 'खान्देश', 'जळगाव' हवंच! पण माल कुठला हे नुसतं सांगणाऱ्या शब्दावर सहसा ट्रेडमार्क मिळत नाही. असं डोमेन घेता येतं, मात्र उद्या शेजारच्याने तसंच घेतलं तर त्याला अडवणं जड जातं. त्यापेक्षा स्वतःचा घडवलेला शब्द पुढे ठेवा आणि गावाचं नाव मागे जोडा. जळगावची केळी, जळगावचं भरीत वांगं आणि नवापूरची तूरडाळ यांना तर भौगोलिक मानांकन (त्या भागातल्याच मालासाठी राखलेलं नाव) आहे. बाहेरच्या मालावर ही नावं लावणं हा गुन्हा ठरू शकतो. खरे उत्पादक 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून वेगळा अर्ज करू शकतात.

ट्रेडमार्कचा अर्ज टीएम-ए नमुन्यात, ऑनलाइन. व्यक्ती, भागीदारी संस्था, कंपनी, कुणीही करू शकतं. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योग यांना एका वर्गासाठी ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. लघुउद्योगाची सवलत हवी तर उद्यम (लघुउद्योगाच्या सरकारी नोंदणीचं) प्रमाणपत्र जोडा. शिवाय ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, लोगो असल्यास त्याची प्रत आणि वकिलामार्फत जात असाल तर मुखत्यारपत्र. नाव आधीपासून वापरात असेल तर प्रतिज्ञापत्रासोबत जुनी बिलं द्या. पहिल्या वर्षाचं बिलबुक रद्दीत घालू नका. तपासणीनंतर नाव ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये छापून येतं, हरकतीला चार महिने असतात. नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण.

डोमेन मात्र स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ई-मेलवरूनच घ्या. वेबसाइट बनवणाऱ्या पोराच्या खात्यात राहिलं, तर भांडण झाल्यावर ते सोडवून घेताना नाकी नऊ येतात.

वाद झालाच, तर डॉट इनने (.in) संपणाऱ्या डोमेनची तक्रार निक्सीकडे (ही डोमेनं सांभाळणाऱ्या संस्थेकडे) जाते आणि लवाद निर्णय देतो. तुमचं डोमेन तक्रारदाराच्या नावासारखंच आहे, तुमचा त्यावर न्याय्य हक्क नाही आणि ते वाईट हेतूने घेतलंय किंवा वापरलंय, हे तिन्ही तक्रारदाराला दाखवावं लागतं. ते पटलं तर डोमेन रद्द होतं किंवा त्याच्या नावे जातं. नुकसानभरपाईसाठी मात्र त्याला कोर्टातच जावं लागतं.